लाखेचा मुलूख आणि आवाजाची साठवण

गोंदियाच्या बाजारात लाखेचा व्यापार जुना आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. फांदीवरून खरवडली की ती काडी लाख, कुटून-धुऊन घेतली की दाणा लाख, आणि वितळवून पातळ पापुद्र्यासारखी ताणली की चपडा. पळसावरची लाख रंगीनी आणि कुसुमावरची कुसमी. कुसमीचा रंग फिका, म्हणून तिला मान आणि भाव जास्त. लाखेवर प्रक्रिया करणाऱ्या देशातल्या केंद्रांत गोंदियाचं नाव आजही घेतलं जातं. बांगड्या, लाकडाचं पॉलिश, सोनारकाम हे लाखेचे नेहमीचे उपयोग सगळ्यांना माहीत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नासेक वर्षं मात्र लाखेकडे आणखी एक मोठं काम होतं आणि ते आता पुष्कळसं विसरलं गेलं आहे. माणसाचा आवाज धरून ठेवणारी ग्रामोफोनची तबकडी लाखेची असे.

ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याने सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या केल्या होत्या. १८९० च्या दशकाच्या मध्यानंतर त्याने चपडा लाखेचं मिश्रण वापरायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. तबकडीत वजनाने दगडाची भुकटीच जास्त असे. तिच्या जोडीला काजळी आणि थोडे सुती तंतू. पण हे सगळं एकत्र बांधणारी आणि तापल्यावर साच्यातली बारीक खाच अचूक उचलणारी वस्तू लाखच होती. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा हिस्सा हिंदुस्थानातून जाई, आणि तो कलकत्त्याच्या बाजारातून जाई. गोंदियाला कलकत्त्याशी जोडणारी बंगाल-नागपूर रेल्वेची वाट १८९१ साली आसनसोलपर्यंत आणि १९०० साली थेट हावड्यापर्यंत खुली झाली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात असत. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. म्हणजे काही वर्षं असा फेरा होता की इथल्या जंगलांतली लाख बोटीने युरोपात जायची आणि गाणं होऊन परत यायची. या द्रव्याची गरज किती खरी होती ते दुसऱ्या महायुद्धात कळलं. १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर ७० टक्के कपात लादली आणि तिथला धंदा अडला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइलची दीर्घ तबकडी काढली तेव्हापासून लाखेचं हे काम संपत गेलं.

गोंदिया आणि आजूबाजूच्या झाडीपट्टीने आवाज साठवायचं द्रव्य पुरवलं. कोणाचा आवाज साठवायचा हे मात्र इथे ठरलं नाही. तबकडीनंतर फीत आली, फितीनंतर मेमरी कार्ड आलं, तरी हा निर्णय बहुतांशी दुसरीकडेच राहिला. घरातल्या संगणकामुळे तो खऱ्या अर्थाने इथल्या घरात येऊ शकतो. म्हणून संगणकावर गाणी कोणत्या दर्जाने साठवायची, हा प्रश्न महागडी यंत्रं बाळगणाऱ्या शौकिनांवर सोडून देणं मला मान्य नाही. या जिल्ह्याच्या आवाजाचं पुढे काय उरणार, हे त्याच्या उत्तरावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

तबकडीचा निर्णय कसा झाला ते आधी पाहू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटं चाले. ख्यालाला, नाट्यपदाला या चौकटीत बसवता आलं, कारण गवयांनी आपलं गाणं तसं आखून घेतलं आणि शहरात ते विकत घेणारी घरं होती. दंडार या इथल्या लोकनाट्याचं तसं होण्यासारखं नव्हतं. धान कापून घरात आलं, दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडीगंमत नाही तर नाटक उभं राहतं. हा खेळ रात्रभराचा. सहा तासांची दंडार तबकड्यांवर घ्यायची म्हटली असती तर शंभराहून अधिक बाजू लागल्या असत्या, आणि त्या विकत घेणारं गिऱ्हाईक गावात नव्हतं. व्यापाराच्या हिशेबाने कंपन्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. परिणाम मात्र असा झाला की बालगंधर्वांचा आवाज आपल्याकडे आहे आणि त्याच वर्षांत इथल्या मंडईत गायलेल्यांचा नाही.

सरकारने एक वेगळा प्रयत्न केला होता. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात देशभरच्या भाषा-बोलींचे दोनशेहून अधिक नमुने ग्रामोफोनवर घेतले गेले. मध्य प्रांतातल्या बोलीही त्यांत आहेत आणि आज त्या संगणकावर ऐकता येतात. हे काम मोलाचं आहे यात शंका नाही. पण तिथेही काय बोलायचं ते आधी ठरलेलं होतं: बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना आपापल्या बोलीत सांगायला लावली होती. तुलनेसाठी ते सोयीचं होतं, पण त्या बोलीत लोक एरवी काय गात होते, हे त्यातून फारसं कळत नाही. शेजारच्या मैकल डोंगररांगांतली गोंडांची गाणी व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी कष्टाने गोळा केली आणि १९४४ मध्ये पुस्तकरूपाने दिली. शब्द राहिले, चाल कागदावर राहिली नाही.

यावर कोणी म्हणेल की या समाजांना यंत्राची गरजच नव्हती, त्यांची साठवण माणसांत होती. ते खरं आहे आणि त्याचं महत्त्व कमी करायचं कारण नाही. परधान हे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गायक. ठरलेल्या यजमान घरांची वंशावळ, देवांच्या कथा, कुळांची गाणी त्यांच्याकडे असत आणि बदल्यात यजमानाकडून धान्य-धन मिळे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाशी जोडलेली कथाही संगीताचीच आहे. गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवताना किंगरी वाजवणाऱ्या हिरासुका पाटालीरने प्राण दिला अशी गोंडी श्रद्धा सांगते, आणि माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक तिथे येतात. ज्या धर्मकथेच्या मध्यभागी वादक उभा आहे, त्या समाजाला संगीत जपणं शिकवावं लागत नाही. परंतु ही व्यवस्था यजमानाच्या धान्यावर उभी होती. जमीन गेली, यजमान मजुरीला शहरात गेला, परधानाचा मुलगा दुसऱ्या कामाला लागला की साखळीतली कडी तुटते, आणि तुटलेल्या कडीसोबत जे जातं ते परत आणता येत नाही. जिवंत परंपरा आणि साठवण यांत विरोध असल्याचं मी मानत नाही. परंपरा चालू असेल तेव्हाच तिचं मुद्रण चांगलं होतं, आणि खंड पडला तर नव्या पोराला शिकायला त्याचाच आधार उरतो.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं आणि लोकगीतांना काही मिनिटं मिळाली. खरा बदल कॅसेटने केला. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही फीत १९८० च्या दशकात भारतात इतकी स्वस्त झाली की छोट्या शहरांतून छोट्या कंपन्या निघाल्या आणि बोलीतली गाणी पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर दुकानात विकायला आली. पीटर मॅन्युएल यांचा भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवरचा १९९३ चा ग्रंथ हा पालट नीट मांडतो: मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला. शिवाय कॅसेटवर घरी मुद्रण करता येत होतं. लग्नातली गाणी, कीर्तन, नाटकाची रात्र घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतली गेली. दोष एवढाच की ही फीत चार मिलिमीटरही रुंद नाही, सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरने सरकते, आणि प्रत्येक नक्कल मूळ फितीपेक्षा मळकी होते. त्यात इथली हवा: मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारं ऊन आणि त्यामागोमाग चार महिन्यांची ओल. कपाटात ठेवलेल्या फितीवर बुरशी धरते, चिकटपणा येतो, वरचा थर सुटतो.

मग संगणक आला. तो आधी दुकानात आला, घरात नंतर. २००५ नंतरच्या दहाएक वर्षांत तालुक्याच्या गावीसुद्धा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एक संगणक असे आणि दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. एका जीबीच्या कार्डात दोनशे गाणी बसत. कायद्याने हा धंदा चुकीचा होता आणि कलावंताला त्यातून काहीच मिळत नव्हतं, हे स्पष्टच म्हटलं पाहिजे. तरी इतिहास लिहिणाऱ्याला त्याकडे डोळेझाक करता येत नाही, कारण कॅसेटवरची कितीतरी बोलीगीतं या दुकानांतूनच डिजिटल झाली आणि पुष्कळांची आज उरलेली प्रत तीच आहे. इथेच दर्जाचा प्रश्न कळीचा होतो.

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक माप १६ बिटांचं असतं. डावी-उजवी दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १,४११ किलोबिट, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. दुकानात चालणारी एमपीथ्री फाईल बहुधा १२८ किलोबिटची असे, म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून दिलेले. काय टाकायचं हे कानाच्या अभ्यासावरून ठरवलं जातं: मोठ्या आवाजाखाली जो झाकला जातो तो लहान आवाज काढून टाकायचा. ही कल्पना हुशारीची आहे आणि पुष्कळदा ती फसत नाही. पण तिची एक ठरलेली दुबळी जागा आहे. शांततेतून एकदम फुटणारा तीक्ष्ण आघात आला की त्याच्या आधीच किंचित खरखर पसरते, आणि कमी बिटांत सोळा हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग बहुतेक वेळा कापूनच टाकलेला असतो. आता दंडारीत काय वाजतं ते आठवा: ढोलकीची थाप आणि झांज. म्हणजे या पद्धतीला जे नेमकं जड जातं तेच इथल्या संगीताच्या गाभ्यात आहे. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग ही पद्धत घासूनपुसून घेत असताना ज्या गाण्यावर ती पुन्हापुन्हा तपासत होते, ते सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’, साथीशिवाय एकाच स्त्रीने गायलेलं. त्यात त्यांची चूक काही नाही. पण तबकडीच्या तीन मिनिटांप्रमाणे इथेही चौकट दुसरीकडे बनली आणि इथल्या आवाजाला तिच्यात बसवलं गेलं.

याला पर्यायही बराच काळ उपलब्ध आहे. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये पूर्ण स्वरूपात दिलेली फ्लॅक ही पद्धत आवाजातलं काहीही न टाकता फाईल जवळजवळ निम्म्यावर आणते. ती खुली आहे, कोणाच्या मालकीची नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. सहा तासांची दंडार सीडीच्या दर्जाने फ्लॅकमध्ये दोन जीबीच्या आसपास बसते. एक टीबीच्या साध्या हार्डडिस्कवर अशा शेकडो रात्री मावतील. जागा महाग असल्याने एमपीथ्री जन्मली; ते कारण आता उरलेलं नाही.

सगळ्यात जोरदार हरकत कानाची आहे. ३२० किलोबिटची चांगली एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक डोळे बांधून घेतलेल्या चाचण्यांत बहुतेकांना ओळखता येत नाही. त्याच्याही पुढे, २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज मध्येच सीडीच्या मापातून फिरवला तरी ऐकणाऱ्यांना तो पकडता आला नाही. ही हरकत मी पूर्ण मान्य करतो. नुसत्या ऐकण्यासाठी सीडीच्या वर जायची गरज नाही, आणि त्यासाठी हजारो रुपयांच्या तारा घेणं तर व्यर्थच. पण ऐकणं आणि साठवणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. एमपीथ्री पुन्हा एमपीथ्री केली, मग ती व्हिडिओत घातली, मग कोणी फोनवरून फोनवर पाठवताना पुन्हा दाबली, की प्रत्येक वेळी नव्याने काही टाकलं जातं आणि तोट्यावर तोटा चढतो. कॅसेटची नक्कल जशी मळत जाते तशीच ही. फ्लॅकची हजारावी प्रत पहिल्या प्रतीसारखीच राहते आणि तिच्यापासून हवी तेव्हा, हवी तेवढी लहान एमपीथ्री काढता येते. उलट्या दिशेने मात्र जाता येत नाही. जगभरच्या ध्वनि-संग्रहालयांची संघटना जुन्या फितींसाठी २४ बिट आणि ९६ हजार वेळा मोजणी सुचवते, त्यामागेही कानाचा अभिमान नाही. पुढे खरखर काढायची, वेग दुरुस्त करायचा, तर हाताशी जास्तीचं माप असलेलं बरं, इतकाच विचार आहे.

दुसरी हरकत अशी की आता सगळं यूट्यूबवर आहेच. झाडीपट्टीची नाटकं, गोंडी गाणी, पोवारी गाणी तिथे भरपूर आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथे चढवलेला आवाज पुन्हा दाबला जातो, ऐकणाऱ्याला मूळ फाईल जशीच्या तशी मिळत नाही, आणि चढवणाऱ्याचं खातं बंद झालं की गाणं जातं. निर्णय पुन्हा दूर गेला. प्रसारासाठी ते माध्यम उत्तम आहे. प्रत मात्र घरी असली पाहिजे.

घरचा संगणक तरी कितीसा टिकतो, असंही कोणी विचारेल. हार्डडिस्क पाच-सात वर्षांत दगा देऊ शकते, घरी लिहिलेल्या सीडीचा रंग उडतो, मुलं जुनी यंत्रं भंगारात देतात. म्हणून एक प्रत म्हणजे प्रतच नाही असं धरून चालावं: दोन वेगळ्या डिस्कवर दोन, तिसरी दुसऱ्या घरी. फ्लॅक फाईलमध्ये मूळ आवाजाची एक गणिती खूण लिहिलेली असते. वर्षाकाठी तपासणी चालवली की एखादी फाईल आतून बिघडली असल्यास ती कळते आणि चांगल्या प्रतीवरून बदलता येते. कॅसेटवरची बुरशी दिसायला कपाट उघडावं लागे आणि तोवर उशीर झालेला असे.

घरगुती संग्रहांवर विश्वास ठेवावा याला महाराष्ट्रातच पुरावा आहे. मुंबईच्या वडाळ्यात नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनी १९३५ ते १९५५ पर्यंत ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढत होती. कंपनी बंद पडल्यावर तिचा संग्रह जपणारी संस्था उरली नाही. त्या तबकड्या टिकल्या त्या जुन्या बाजारातून गोळा करणाऱ्या संग्राहकांच्या घरी. भारतीय रेकॉर्ड संग्राहकांच्या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचं डिजिटलीकरण केलं, आणि ते शक्य झालं कारण वस्तू कोणाच्या तरी घरात शाबूत होती. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांवरचा हा हक्क आता संपला आहे. वडाळ्याच्या कंपनीची छापील यादी तरी होती. गावच्या नाटकाच्या कॅसेटला तीही नसते.

माझ्या मते या साऱ्या साठवणीत बिटांपेक्षाही नावांकडे अधिक दुर्लक्ष झालं आहे. मेमरी कार्डातल्या फाईलला गाण्याच्या नावाऐवजी बहुधा एखाद्या संकेतस्थळाचं नाव असे. एमपीथ्रीच्या जुन्या नोंदीत शीर्षकाला तीस, कलावंताला तीस अशी रोमन अक्षरं मावत आणि देवनागरीला तिथे जागाच नव्हती. शिवाय रकाने मोजकेच: गाणं, कलावंत, अल्बम, वर्ष, शेरा, प्रकार. दंडारीचा कलावंत कोण म्हणायचा? एक गातो, मंडळ झेलतं, पद बांधणारा तिसराच असतो. फ्लॅकच्या नोंदी देवनागरीत लिहिता येतात आणि रकाने आपल्याला हवे तसे वाढवता येतात: गाव, तालुका, मंडळ, बोली, मंडई की लग्न, पद कोणाचं, ढोलकीवर कोण. झाडीबोलीच्या अभ्यासासाठी हरिश्चंद्र बोरकर यांनी जो आग्रह धरला, बोलीला तिच्या गावांसकट नोंदवायचा, तोच आवाजाच्या फाईलला लावता येईल. शंभर नीट नोंदलेल्या फाईली दहा हजार निनावी फाईलींपेक्षा अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतात.

सगळ्यात आधी हात घालायला हवा तो घरोघरच्या कॅसेटांना. तासाभराची कॅसेट उतरवायला तास लागतोच, तो वाचवता येत नाही. कॅसेट डेकचं हेड त्या फितीच्या कोनाला जुळवून घ्यावं लागतं, नाही तर झांजेचा वरचा आवाज सुरुवातीलाच जातो आणि मग २४ बिटांचा काही उपयोग राहत नाही. चालू स्थितीतले डेक आणि ते दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही. नव्या मुद्रणाचं सोपं आहे. मंडईच्या रात्री मंडळाला विचारून रंगमंचापासून थोड्या अंतरावर साधा रेकॉर्डर ठेवावा, मूळ फाईल न दाबता घ्यावी, गाणाऱ्यांची नावं त्याच रात्री त्यांच्याकडूनच लिहून घ्यावीत, आणि एक पूर्ण दर्जाची प्रत मंडळाच्या हवाली करावी. ती विकायची, वाटायची की फक्त नव्या पोरांना शिकवायला ठेवायची, हे मंडळाने ठरवायचं आहे.